राजीनाम्याची किंमत

नॉर्वेतील एका लहानशा ख्रिस्ती पक्षाचे पुढारी कोरे क्रिस्तियानसेन हे १९८३ ते १९८६ पर्यंत तेल व ऊर्जा खात्याचे मंत्री होते; पण त्यांचें नांव आज निघतें तें एका राजीनाम्यासाठीं. १९९४ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक राबिन व पेरेस यांच्याबरोबर अराफत यांसही देण्याचें ठरलें, तेव्हां पांच सभासदांच्या नोबेल समितींतून ते उघडपणें बाहेर पडले. हे गृहस्थ इस्रायलचे कट्टर पक्षपाती, मग यांत सदसद्विवेक तो कसला, असें कोणी म्हणेल. ते पक्षपाती होते हें आम्हांसही मान्य आहे. अराफत यांच्याविषयींचा त्यांचा निवाडा अचूक होता, असेंही आमचें म्हणणें नाहीं. परंतु या समितीचे कागद पन्नास वर्षें बंद राहतात. मनांत विरोध ठेवून ते जागेवर बसून राहिले असते, तर त्यांस जाब विचारणार होतें कोण? बहुमतापुढें मान तुकवून मागाहून खाजगींत कुरकुर करणारे सभासद आपल्या मंडळांतून व परिषदांतून थोडे का आहेत? अशा सावध शहाण्यांपेक्षां, आपल्या मताची किंमत, मग तें मत चुकीचें कां असेना, स्वतः मोजणारा मनुष्य आम्हांस अधिक आदरणीय वाटतो.