चाळीस नावांची यादी

आषाढाचे ढग अजिंठ्याच्या डोंगररांगेवर उतरू लागले की धाडसारख्या गावात दोनच विषय सर्वांच्या तोंडी असतात. एक पेरणीचा आणि दुसरा पंढरीचा. ज्यांच्या पायांत बळ आहे आणि मागे घर सांभाळणारे कोणी आहे, ते दिंडीबरोबर कधीच निघून गेलेले असतात. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताईंची पालखी आपल्याच जिल्ह्यातून, बुलढाणा-चिखलीच्या वाटेने पुढे जाते. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखीही पायीच पंढरपूर गाठते. उरलेल्या भाविकांना एकादशीपुरते जाऊन यावयाचे असते. त्यांच्या जाण्याच्या रीतीविषयी आज चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

धाड हे बुलढाणा तालुक्याचे दक्षिणेकडील टोक. येथून पुढे भोकरदन, म्हणजे मराठवाडा. गावास रेल्वे नाही. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाण्यासही नाही. आषाढीला खामगावहून पंढरपूरसाठी विशेष रेल्वेगाड्या सोडल्या जातात खऱ्या; पण धाडच्या माणसाला खामगाव गाठणे हाच एक निराळा प्रवास होतो. तेव्हा येथील माणसाची भिस्त सडकेवर, आणि सडकेवर म्हणजे एस.टी.वर किंवा काळ्या-पिवळ्या जीपवर. आता मात्र कित्येक ओट्यांपुढे स्वतःची चारचाकी उभी दिसते. कष्टाने मिळविलेल्या या सुखाचा आम्हांस मुळीच हेवा नाही. ज्या घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, त्या घराला रात्री-अपरात्री गाडीचे मोल काय असते, हे आम्ही जाणतो.

परंतु वारीच्या दिवशी काय घडते, ते पाहावे. गाडीत जागा पाच. एक चालविणारा, कर्ता पुरुष, सूनबाई आणि दोन मुले बसली की जागा संपली. मग म्हातारीला सांगितले जाते, "आई, तू कार्तिकीला जा." कार्तिकीलाही जागा तेवढीच असते. जिने चाळीस वर्षे तुळशीला पाणी घालून एकादशी धरली, ती घरी राहते; आणि तिच्या नावाने आणलेला प्रसादाचा पुडा तिच्या हातावर ठेवला जातो. कोणाच्या मनात दुष्टावा नसतो. गाडीच्या जागांचा हिशेबच तसा असतो.

आता दुसरा हिशेब मांडू. चाळीस भाविक निरनिराळ्या मोटारींतून गेले तर आठ गाड्या, आठ चालक, आठ वेळचे इंधन आणि पंढरपुरात आठ गाड्या उभ्या करावयाच्या जागा. चालविणारा आठही ठिकाणी रात्रीचा जागलेला. त्याला ना भजन, ना डुलकी. तेच चाळीस जण एका बसमध्ये बसले तर गाडी एक, आणि तीही रोज हेच काम करणाऱ्या चालकाच्या हाती. राज्य परिवहन महामंडळाने २०२५ च्या आषाढीसाठी सुमारे ५२०० जादा गाड्यांचे नियोजन केले, आणि ज्या गावातील चाळीस वा अधिक भाविक एकत्र मागणी करतील त्या गावातून थेट पंढरपूरला गाडी देण्याचे जाहीर केले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून आणि महिलांना निम्म्या भाड्याची मार्च २०२३ पासून दिलेली सवलत या जादा गाड्यांतही लागू ठेवली. ज्या म्हातारीला मोटारीत जागा नव्हती, तिच्यासाठी या गाडीत जागाही होती आणि तिकिटाचा पैसाही पडत नव्हता. फक्त चाळीस नावांची यादी हवी होती.

एस.टी. ही आपल्याकडे केवळ वाहनसंस्था नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर तिची पहिली गाडी धावली, तेव्हा बुलढाणा जिल्हा त्या राज्यात नव्हताही; तो मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. पुढे ती आपल्या पांदीपर्यंत आली, आणि मुलांची शाळा, बाजार, लग्न व माहेरपण तिच्यावर चालू लागले. २०२० साली महामारीमुळे पायी वारी थांबली, तेव्हा संतांच्या पादुका पंढरपूरला पोहोचल्या त्या एस.टी.च्या बसमधूनच, मुक्ताईंच्या पादुकाही तशाच गेल्या. ज्या वाहनाने संतांच्या पादुका नेल्या, त्यात बसणे कोणाच्या प्रतिष्ठेस उणे आणील, असे आम्हांस वाटत नाही.

यावर आमचे वाचक म्हणतील की, गाडी वेळेवर येत नाही, खिडकीची काच गळते, आणि ऐनवेळी संप होतो. ही तक्रार खोटी नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला आणि खेड्यातील विद्यार्थ्यांचे व वृद्धांचे किती हाल झाले, हे सर्वांनी पाहिले आहे. सामुदायिक वाहन म्हणजे आपोआप सुरक्षित वाहन, असेही आम्ही म्हणणार नाही. १ जुलै २०२३ रोजी, आषाढी होऊन दोनच दिवस झाले असता, आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर एका खासगी प्रवासी बसने पेट घेतला आणि २५ जीव गेले. जीपच्या मागे लोंबकळत जाणारी माणसे तर आपण रोज पाहतो. वाहन सर्वांचे असले म्हणजे त्याची काळजीही सर्वांनी वाहिली पाहिजे. आणि खरी गोम येथेच आहे. गावातील वजनदार माणसे आपापल्या मोटारीत बसून गेली की एस.टी.च्या फेरीसाठी भांडणारा कोणी उरत नाही. मग फेरी कमी होते, आणि तिचा चटका बसतो तो शाळेत जाणाऱ्या मुलीला व दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याला. सधन माणूस त्या गाडीत बसला तर तिची काच लवकर बसते, हा व्यवहार आहे.

दिंडीची रीत याहून निराळी नाही. दिंडीत भिशी सर्वांची, स्वयंपाक एकत्र, सामानाचा ट्रकही सर्वांचा एकच. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो तेव्हा आपली शिदोरी वेगळी काढून कोणी खात नाही. घरी परतताच मात्र आपण हे सारे विसरतो आणि रस्त्यावर ज्याची त्याची पंगत निराळी मांडतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. एकादशीच्या आधी पुरेसे दिवस हाताशी ठेवून धाडच्या भाविकांनी देवळाच्या पारावर बसावे, वही उघडावी आणि नावे लिहावीत. पहिली दहा नावे ज्यांना एकट्याने जाता येत नाही अशांची असावीत. मोटारवाल्यांनी आपली नावे त्यांच्याखाली घालावीत. चाळीस भरली की बुलढाण्याच्या आगारात अर्ज नेऊन द्यावा. गाडी मिळाली तर आनंद; न मिळाली तर चाळीस सह्यांचा जाब विचारता येतो, एकट्याच्या तक्रारीचा नाही. आणि पंढरीहून परतल्यावर ती वही फाडू नये. बाजाराला, तालुक्याला, लग्नकार्याला निघतानाही शेजाऱ्याला हाक मारण्याची सवय तिने लागेल.

यंदा त्या वहीत पहिले नाव कोणाचे लिहावयाचे, हे प्रत्येक घराने आपल्या घरातील म्हातारीकडे पाहून ठरवावे, एवढीच आमची विनंती आहे.