जागेची दलाली आणि नोकरी गमावलेला माणूस

चाळिशी-पंचेचाळिशीत नोकरी गेलेला माणूस पुढे काय करतो, या प्रश्नाचे एक उत्तर मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक यांच्या कोणत्याही नव्या वस्तीत मिळते. तो इस्टेट एजंट होतो. बंद पडलेल्या कारखान्यातील पर्यवेक्षक, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कारकून, औषध कंपनीचा फिरता विक्रेता अशी माणसे एका टेबलाच्या गाळ्यात बसून किल्ल्यांचे जुडगे सांभाळताना दिसतात. मध्यमवर्ग त्यांची कुचेष्टा करतो. समाजवादी वर्तुळातही ‘दलाल’ हा शब्द शिवीसारखाच उच्चारला जातो. या तुच्छतेने चळवळीचे काही भले होते काय, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

माणूस या धंद्याकडे वळतो तो बहुधा हौसेने नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कामगारांना दाद न मिळताच विरला आणि हजारो कामगार कायमचे बाहेर फेकले गेले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली. त्या जमिनींचा एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांना आणि सार्वजनिक गृहनिर्माणाला मिळावा, अशी मूळ तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या भूखंडापुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. कापड विणणारी भूमी विक्रीचा माल झाली. जेथे उत्पादन संपते आणि जमिनीचा भाव वाढतो, तेथे उत्पादनातून बाहेर पडलेला माणूस जमिनीच्याच व्यवहारात पोट शोधणार, हे ओघानेच आले. ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यातही गेल्या काही दशकांत हेच घडले.

शिवाय या धंद्याचे दार उघडे आहे. पंचेचाळीस वर्षांच्या उमेदवाराचा अर्ज कोणी वाचत नाही. दुकान थाटावे तर भांडवल नाही. येथे मात्र वीस वर्षांत जोडलेल्या ओळखी हेच भांडवल ठरते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार महारेराकडे नोंदणी करावी लागते. एका व्यक्तीला त्यासाठी दहा हजार रुपये शुल्क पडते आणि नोंदणी पाच वर्षे टिकते. २०२३ पासून महाराष्ट्राने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. संसाराच्या ऐन मध्यावर पुन्हा पुस्तक उघडून परीक्षेला बसणाऱ्या माणसाची जिद्द हसण्यावारी नेण्यासारखी खचित नाही.

पण ‘स्वतःच स्वतःचे मालक व्हा’ या आमिषामागचे वास्तव निराळे आहे. सदनिका विकली गेली तरी बिल्डरकडून दलाली हाती पडण्यास महिनेच्या महिने लागतात. मध्ये मोठ्या विक्री कंपन्या बसलेल्या असतात. त्या आपला वाटा आधी कापून घेतात. पेट्रोल, दूरध्वनी, जाहिरात यांचा खर्च एजंटाच्या खिशातून जातो. दहा गिऱ्हाइकांना जागा दाखवाव्यात आणि अकराव्याने घरमालकाशी परस्पर सौदा करावा, हा नित्याचा अनुभव. पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. ज्याला मालक म्हणून मिरवले जाते, तो वस्तुतः उक्त्या दराने राबणारा, जोखीम मात्र सर्वस्वी स्वतःची असलेला श्रमिक आहे.

याचा अर्थ त्याच्या हातून अन्याय होत नाही असा नव्हे. भाड्याची जागा शोधणाऱ्याला पहिला प्रश्न कोण विचारतो? ‘आडनाव काय? मांसाहार करता का? एकट्याच राहणार का?’ हे प्रश्न घरमालकाचे असतात, पण उच्चारतो एजंट. दलित, मुसलमान, एकटी स्त्री यांना नकार कळवण्याचे काम त्याच्यावर सोपवले जाते. काल युनियनच्या सभेत समतेच्या घोषणा देणारा माणूस आज पोटासाठी हे काम निमूटपणे करतो, हे या स्थित्यंतराचे सर्वांत दुःखद अंग आहे. कायदाही येथे तोकडा पडतो. बिल्डरच्या प्रकल्पातील विक्री महारेराच्या कक्षेत येते. भाड्याचे आणि जुन्या सदनिकांच्या फेरविक्रीचे व्यवहार मात्र एजंटाच्या नोंदणीच्या सक्तीबाहेर राहतात. आणि विशिष्ट समाजापुरते सभासदत्व राखण्याचा गृहनिर्माण संस्थेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, गुजरातमधील झोरोस्ट्रियन संस्थेच्या खटल्यात, मान्य केलेला आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील कार्यक्रम स्पष्ट आहे. शहरोशहरी विखुरलेल्या या एजंटांची संघटना बांधली पाहिजे. दलालीचा लेखी करार, ती देण्याची निश्चित मुदत आणि मोठ्या मध्यस्थांच्या कपातीवर मर्यादा या तिच्या मागण्या असाव्यात. असंघटित कामगारांच्या कल्याणकारी योजनांत त्यांचा समावेश व्हावा. त्याचबरोबर त्या संघटनेच्या सभासदाने जात, धर्म वा एकटेपणा पाहून कोणालाही घर नाकारण्याच्या व्यवहारात हात घालू नये, ही तिची पहिली अट असली पाहिजे. एकट्या एजंटाने असा नकार दिला तर घरमालक शेजारच्या गाळ्यात जातो. वस्तीतील सर्वांनी मिळून दिला तर त्याला थांबून विचार करावा लागतो. संघटनेचे बळ म्हणतात ते हेच. भाड्याच्या घरात भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या कायद्याचा आग्रहही याच बळावर धरता येईल.

अर्थात, राहण्याची जागा हा जोवर सट्ट्याचा विषय आहे, तोवर तिच्या दारात कोणी ना कोणी दलाल उभा राहणारच. सार्वजनिक गृहनिर्माण आणि उत्पादक रोजगार यांचा लढा म्हणून सोडून चालणार नाही. परंतु त्या लढ्यासाठी माणसे हवीत, आणि नोकरी गमावून किल्ल्यांचे जुडगे हाती घेतलेला माणूस कालपर्यंत चळवळीचाच होता. त्याला हिणवून बिल्डरच्या पंक्तीस ढकलायचे की हात धरून पुन्हा आपल्या रांगेत आणायचे, याचा निर्णय कार्यकर्त्यांनीच करावयाचा आहे.