एक मोबाईल आणि चार डोकी

पोराने संगणकाचा कोर्स केला की काम झाले, अशी समजूत आपल्या खेड्यांतून पक्की होऊन बसली आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत एमएस-सीआयटीचे सर्टिफिकेट वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचले. नोकरीच्या अर्जाला ते लागते म्हणून पोरे ते करतात, त्यात गैर काही नाही. पण त्याच घरातल्या बापाच्या सातबाऱ्यावर पेरा चढलेला नसतो, आणि मदतीची यादी लागली की तिच्यात त्याचे नाव सापडत नाही. याला काय म्हणावे?

या बाबतीत युरोपातले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. युरोपीय संघाचा ‘इरॅस्मस प्लस’ नावाचा कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. त्यातला बहुतेक पैसा शाळा-कॉलेजांकडे जातो. सुमारे एक दशांश वाटा तरुणांच्या कामासाठी राखलेला असतो. त्यातून १३ ते ३० वयाच्या मुलामुलींची ५ ते २१ दिवसांची शिबिरे होतात, तसेच युवक मंडळे चालवणाऱ्या कार्यकर्त्यांचे प्रशिक्षणवर्गही भरतात. वेगवेगळ्या देशांची वीस-तीस माणसे एका ठिकाणी राहतात. इटलीचा, पोलंडचा, तुर्कस्तानचा, ज्याची भाषा दुसऱ्याला कळत नाही असे चार-पाच जण मुद्दाम एका गटात घालतात आणि हाती काम देतात. समजा, गावाच्या पाणीप्रश्नावर मोबाईलवर दोन मिनिटांची फिल्म करायची आहे. एकाला कॅमेरा जमतो, एकाला जोडकाम जमते, तिसऱ्याला यंत्राचे काही कळत नाही पण लोकांना बोलते करता येते. भांडणे होतात, रुसवेफुगवे होतात. संध्याकाळी पुन्हा गोलात बसून आज काय शिकलो, कुठे अडलो, हे ज्याने त्याने सांगायचे. व्याख्यान देणारा मास्तर तिथे फारसा नसतो.

शेवटी ‘युथपास’ नावाचा दाखला मिळतो. २००७ पासून तो देतात. त्यावर मार्क नाहीत, टक्के नाहीत. आपण काय शिकलो ते शिकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचे! आपल्याकडे असे केले तर निम्मी पोरे शेजाऱ्याचे बघून लिहितील, ही गोष्ट वेगळी. आणि तिकडेही सगळे साधुसंत नाहीत, फुकटात हिंडायला मिळते म्हणून जाणारे असणारच.

तरीही घेण्यासारखी एक गोष्ट आहे. युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये डिजिटल कौशल्यांचा जो आराखडा केला, त्यात पाच भाग धरले आहेत. त्यातला एक पूर्ण भाग संवाद आणि सहकार्याचा आहे, दुसरा सुरक्षिततेचा. म्हणजे चारचौघांबरोबर काम करता येणे हे तिथे संगणक येण्यातच मोजतात.

आता आपल्या शिवारात या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन मोबाईलने पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कल्पना चांगली, पण पुढे काय झाले? २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५ हजारांची मदत देताना ही नोंद बघितली गेली. ज्यांची नोंद नव्हती त्यांची ओरड झाली, तेव्हा सातबाऱ्यावर पेरा असलेल्यांनाही घ्यावे लागले. दर वेळी अशी सवलत मिळेलच असे नाही.

ज्याला अॅप कळते त्या पोराला गट नंबर ठाऊक नसतो, कोणत्या हिश्श्यात तूर आणि कोणत्यात कपाशी हे सांगता येत नाही. ज्या म्हाताऱ्याला बांधन् बांध पाठ आहे त्याच्याकडे साधा बटनाचा फोन. सातबारा बाईच्या नावावर आणि फोन मालकाच्या खिशात, असेही किती तरी घरांत आहे. अशा ठिकाणी एकट्या हुशार पोराचे काही चालत नाही.

यासाठी युरोपला जायची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. कॉलेजची पन्नासेक मुले सात दिवस एखाद्या गावात मुक्कामी येतात, रस्ता झाडतात, शोषखड्डे खणतात, शेवटच्या दिवशी पाहुण्यांचे भाषण होते आणि ट्रक भरून परत जातात. ही शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत पडतात, आणि रब्बीच्या पिकांची नोंद करायचे दिवसही साधारण तेच! मग गट असे का पाडू नयेत? कॉलेजची दोन मुले, गावचा एक तरुण आणि शिवार ठाऊक असलेला एक जाणता शेतकरी. सकाळी चौघांनी बांधावर जायचे, खातेदार बाईला बरोबर घ्यायचे, फोन तिच्याच हातात द्यायचा, ओटीपी कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही तेही तिथेच समजावायचे. संध्याकाळी देवळात बसून कोणाची नोंद का अडली याचा हिशेब. श्रमदान दुपारून करता येईल.

त्यासाठी सरपंचांनी शाळेची खोली आणि एक-दोन चार्जिंगचे बोर्ड द्यावेत. भाऊसाहेबांनी, म्हणजे कागदावर आता ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, नोंद न झालेल्या खातेदारांची यादी शिबिराच्या आधी काढून ठेवावी. कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना पत्र मात्र दिवाळीपूर्वीच जायला हवे, कारण नंतर त्यांचे गाव ठरून गेलेले असते.