नॉर्वेचा हिवाळा आणि आपले सोळाशे मीटर

उत्तर युरोपातल्या नॉर्वे देशात बर्गन नावाचं शहर आहे. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम सहा तासांचा, आणि पाऊस वर्षभर पाठ सोडत नाही. या शहरातल्या क्रिस्टियन ब्लुमेनफेल्टने 2021 साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉनचं सुवर्णपदक जिंकलं. दीड किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन 40 किलोमीटर सायकल मारायची आणि सायकल ठेवून 10 किलोमीटर धावायचं; मध्ये विश्रांती नाही. त्याने हे 1 तास 45 मिनिटं 4 सेकंदांत केलं. पाच वर्षांपूर्वी रिओला हाच गडी तेरावा आला होता.

पदकाचा फोटो सगळेच पाहतात. मला बोलायचं आहे ते हिवाळ्याबद्दल. युरोपात शर्यतींचा हंगाम साधारण वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंत चालतो. हिवाळ्यात मोठी शर्यत नसते, टाळ्या नसतात, आणि खरी कमाई याच महिन्यांत होते. बाहेर बर्फ किंवा पाऊस असला की सायकल घरातल्या स्टँडवर चढते, धावणं ट्रेडमिलवर होतं, पोहणं बंदिस्त तलावात. नॉर्वेची मंडळी काही आठवडे स्पेनच्या सिएरा नेवाडा डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे 2300 मीटर उंचीवर जाऊन राहतात. तिथे हवा विरळ असल्यामुळे शरीर जास्त तांबड्या पेशी तयार करतं.

एवढं ऐकून वाटेल, हे लोक हिवाळाभर जीव तोडून पळत असतील. तसं नाही. त्यांचा बहुतेक सराव हळू असतो, शेजारच्याशी बोलता येईल इतका हळू. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी मोठ्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दहातली सुमारे आठ सत्रं सोप्या गतीची निघाली. उरलेला सराव कठीण असतो, पण तोही मोजून. ब्लुमेनफेल्टच्या गटात सराव चालू असताना बोटातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट तपासतात. आकडा वर गेला की वेग कमी. दम आहे म्हणून आणखी पळ, असं त्यांचा प्रशिक्षक म्हणत नाही.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. हळू आणि बराच वेळ धावल्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. पण हाडं आणि स्नायूबंध यांना मजबूत व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. दम महिन्याभरात वाढलेला जाणवतो, नडगीचं हाड मात्र अजून तयार नसतं. पोरांची नडगी दुखते ती इथेच.

आता आपल्याकडे या. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की वस्तीतली पोरं पहाटे मैदानावर दिसायला लागतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून फुल्ल स्पीड, रोज. काही अकादम्यांत तर रोजची वेळ फळ्यावर लिहितात आणि मागे राहिलेल्याला सगळ्यांसमोर बोलतात. माझं स्पष्ट मत आहे की हा सराव नव्हे, ही रोजची परीक्षा आहे. रोज परीक्षा घेऊन कुणाचा अभ्यास होत नाही.

ट्रायथलॉन हा पैसेवाल्यांचा खेळ आहे हे खरं. त्यांच्या एका सायकलीच्या किमतीत आपल्याकडे घराची डागडुजी होते. पण त्यांच्या हिवाळ्यातला सगळ्यात कामाचा भाग फुकट आहे: जाहिरातीची वाट न बघता चार-सहा महिने आधी सुरुवात करणं, आठवड्यातले बहुतेक दिवस बोलता येईल अशा गतीने धावणं, एक-दोन दिवसच जोर लावणं, एक दिवस पूर्ण आराम, आठ तास झोप. लॅक्टेटचं यंत्र नसलं तरी चालतं. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. खाण्यात महागडी पावडर नको. अंडी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, डाळ-भात, भाकरी पुरेशी आहे, फक्त पोटभर हवी. रिकाम्या पोटी चहा पिऊन पाच किलोमीटर पळणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन आधी तपासा.

आणि एक गोष्ट विदर्भातल्या घरांनी नीट वाचावी. आपल्या समाजात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. एसएस पॅटर्नचा रुग्ण घरात माहीत असतो. त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचा सराव करूच नये. पण एएस पॅटर्नचा वाहक धडधाकट दिसतो, त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. अशा माणसाने तयारी नसताना, उन्हात, कमी पाणी पिऊन, एकामागोमाग जोराच्या धावा घेतल्या तर रक्तपेशी आकार बदलून अडकू शकतात, स्नायू मरू लागतात. 2006 साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा 19 वर्षांचा फुटबॉल खेळाडू असाच सरावात शंभर-शंभर यार्डांच्या धावा घेताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता. त्यानंतर, 2010 पासून, तिथल्या विद्यापीठ क्रीडा संघटनेने वरच्या गटातल्या खेळाडूंसाठी सिकलसेल तपासणीचा नियम आणला. वाहकांसाठीचा सल्ला ऐका: वेग हळूहळू वाढवा, सुरुवातीलाच घड्याळ लावून पळवू नका, दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांती द्या, पाणी द्या. म्हणजे नॉर्वेवाले पदकासाठी जे करतात, तेच आपल्या काही पोरांना जीव वाचवण्यासाठी करायचं आहे.

धावताना पाय अचानक लुळे पडले, मांड्या-पाठ दुखू लागली, चक्कर आली, छातीत दुखलं, तर तिथेच थांबायचं. 'नाटक करतोय' म्हणून पुन्हा पळवायचं नाही. सावलीत बसवा, पाणी द्या, बरं वाटेना तर लगेच दवाखाना. पुढे लघवी काळपट झाली तर तासभरही थांबू नका.

सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. 2023 पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. मैदानावर पाय ठेवण्याआधी ती करून घ्या आणि वाहक निघालात तर प्रशिक्षकाला सांगा. ते ऐकून कुणी मुलाला रांगेतून बाहेर काढत असेल, तर त्याला 2016 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकी सैन्यातला अभ्यास सांगा. सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा वाहकांमध्ये स्नायूंना इजा होण्याचा धोका जास्त दिसला, मृत्यूचा धोका मात्र इतरांपेक्षा लक्षणीय जास्त नव्हता. त्या सैन्यात पाणी, विश्रांती आणि उन्हापासून बचाव यांचे नियम सगळ्यांनाच लागू होते.