पुष्पकाचें तिकीट

रघुवंशाचा तेरावा सर्ग मीं विद्यार्थ्यांना तीस वर्षें शिकविला. लंकेहून अयोध्येस पुष्पक विमानानें परतणारे रामचंद्र सीतेला खालचा समुद्र, जनस्थान, गंगायमुनांचा संगम एकामागून एक दाखवीत जातात, तें वर्णन सांगतांना माझा आवाज आपोआप चढे. परंतु शिकविणारे गुरुजी स्वतः मात्र वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत जमिनीवरच राहिले. गेल्या माघ महिन्यांत तो योग आला, आणि तो हौसेचा नव्हता.

नागपुराहून भाच्याचा फोन आला. "मामा, आईनं अन्न सोडलंय. सारखं तुमचं नांव घेते." अक्का माझ्याहून अकरा वर्षांनीं वडील. पुणें ते नागपूर आगगाडीचा रस्ता नऊशें किलोमीटरांच्या आसपास. गाड्यांत जागा शिल्लक नव्हती. नातवानें मोबाइलवर बोटें फिरविलीं आणि दुसऱ्या दिवशींच्या विमानाचें तिकीट काढलें. दाम ७,८०० रुपये. मी म्हटलें, "अरे, ही तर स्वस्तांतली कंपनी ना?" तो म्हणाला, "आजोबा, महिनाभर आधीं काढलं असतं तर साडेतीन हजारांत झालं असतं."

हा हिशेब त्यानें मला उलगडून सांगितला, तो वाचकांनाहि उपयोगीं पडेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन जुहूस विमान उतरविलें. तेव्हांपासून सुमारें सत्तर वर्षें विमान हें आपल्याकडे श्रीमंतांचें व बड्या अधिकाऱ्यांचें वाहन होतें. २००३ सालीं कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननें स्वस्त तिकिटांची वाट पाडली. ती कंपनी राहिली नाहीं. वाट मात्र राहिली. त्या स्वस्ताईचें मर्म असें कीं, विमान आकाशांत असेल तेव्हांच मिळवितें. जमिनीवर उभें राहिलें कीं नुसतें खातें. म्हणून या कंपन्या बहुधा एकाच जातीचीं विमानें बाळगतात, म्हणजे वैमानिक, कारागीर आणि सुटे भाग सर्वांस सारखे चालतात. आंत एकाच वर्गाच्या सुमारें १८० खुर्च्या दाटीनें बसवितात, आणि उतरलेलें विमान अर्ध्या-पाऊण तासांत पुन्हां उडवितात. उतरण्यापूर्वीं सेविका पिशवी घेऊन आपल्याकडील कचरा मागून नेतात, तो केवळ टापटिपीसाठीं नव्हे. झाडलोटीची वेळ वांचावी म्हणून. चहा, खिडकी, जादा ओझें यांचे दाम निराळे. आणि भाडें ठरीव नसतें. खुर्च्या भरत जातात, दिवस जवळ येतो, तसतसें तें चढतें. पुष्पकांत कितीहि माणसें बसलीं तरी एकाची जागा रिकामीच राहते, असें आमची आजी सांगे. या पुष्पकांत एकहि जागा रिकामी राहूं नये, एवढ्यासाठींच हा सारा खटाटोप!

सौभाग्यवतीनें अक्कासाठीं कोंकणांतल्या आमच्या मूळ घरच्या माडाच्या खोबऱ्याच्या चार वाट्या पिशवींत बांधल्या होत्या. लोहगांवच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्रानें त्या बरोबर हेरल्या. जवान तरुण होता, पण बोलणें मृदु. "बाबा, सुकं खोबरं नेतां येत नाहीं. तेल असतं त्यांत, पेट घेतं." मी विचारलें, "मग मोठ्या सामानांत घालूं?" तो म्हणाला, "तिथंहि चालत नाहीं." ज्या माडाखालीं आम्ही दोघें भावंडें खेळलों, त्याचें खोबरें शेवटीं तेथल्या पेटींत पडलें. नियम योग्य आहे, हें मी मान्य करतों. तथापि पुढें पंधरा पावलें गेल्यावर मला चष्मा पुसावा लागला.

पुढें उशीर. इतक्या जवळच्या प्रवासांत दोन तास खोळंबा होणार असेल, तर कंपनीनें उतारूंस अल्पोपाहार द्यावा असा सरकारी दंडक आहे. आमचें विमान एक तास पन्नास मिनिटांनीं सुटलें! शेजारचे गृहस्थ पुष्कळ संतापले. मला भूक नव्हती. मी फक्त घड्याळ पाहत होतों.

माझी जागा मधली. खिडकीचे पैसे मीं भरले नव्हते. त्यामुळें गोदावरी दिसली नाहीं, वऱ्हाडची काळी जमीनहि दिसली नाहीं. दिसली ती समोरच्या खुर्चीची पाठ. तिच्याकडे पाहतां पाहतां १९८४ सालचा वैशाख आठवला. आई तेव्हां अक्काकडे राहावयास गेली होती. तार आली, रात्रीं महाराष्ट्र एक्सप्रेसमध्यें उभ्यानें शिरलों. दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, प्रत्येक स्टेशन मीं मोजलें. दुसऱ्या दिवशीं दुपार कलतांना पोहोंचलों तों अंगण धुतलेलें होतें. उन्हाळा कडक; थांबतां आलें नाहीं. एकुलता एक मुलगा असून अग्नि मेहुण्यांना द्यावा लागला. त्या दिवसापासून मी अंतराला दोष देत आलों.

विमान दीड तासांत सोनेगांवास उतरलें. अक्का जागी होती. तिनें हात चांचपून ओळखला आणि पहिला प्रश्न तोच विचारला, जो ती साठ वर्षें विचारीत आली : "जेवलास का रे?" मग म्हणाली, "कसा आलास?" मी म्हटलें, "विमानानं, अक्का. दीड तास लागला." ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग अगदीं सहज म्हणाली, "दीडच तास? मग इतके दिवस कां नाहीं आलास?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मागल्या खेपेस जाऊन मला चार वर्षें झालीं होतीं. १९८४ सालीं माझ्याजवळ साधन नव्हतें, हें खरें. परंतु या चार वर्षांत साधन दारांत उभें होतें, पेन्शन होती, तिकीट काढून देणारा नातू घरांत होता. नव्हती ती केवळ निकड. अंतर किलोमीटरांचें आहे असें मी समजत होतों; विमानानें तें पुसून टाकलें, तेव्हां खालीं उरलेलें माझें आळस आणि उद्यांवर टाकणें उघडें पडलें.

अक्का त्यानंतर नऊ दिवस होती. मी जवळच होतों. शेवटचें पाणी मीं घातलें.

घरीं परतल्यावर त्या तिकिटाच्या हिशेबाचा मी पुष्कळ विचार केला. कंपनीनें तो नफ्यासाठीं मांडला आहे, यांत संशय नाहीं. पण त्यांत एक शहाणपण नकळत उतरलें आहे : जो प्रेमानें आधीं निघतो त्याला प्रवास स्वस्त पडतो, जो भीतीनें धांवतो त्याला महाग. आपलेंहि कोणी दूरगांवीं असेल. फोन येण्याची वाट पाहूं नका. आज रात्रीं जेवणें झालीं कीं मुलांना एवढेंच विचारा, पुढच्या महिन्याचें तिकीट केवढ्याला पडतें? आणि पिशवींत खोबरें बांधूं नका.