मोळी बंद करू नका, ओली मोळी बंद करा

भाताची झोडणी उरकली की आमच्या पश्चिम पट्ट्यात दुसरा हंगाम लागतो, जळणाचा. आहुप्यापासून तेरुंगणापर्यंत बायाबापड्या पावसाळ्याची फाटी जमवायला लागतात. चार महिने धो धो पाऊस, चूल तर रोज पेटली पाहिजे. बरीच घरं स्वतःपुरतं आणतात, काही घरं मात्र मोळी विकून मीठमिरची भागवतात. ओंडके फोडून देणारेही आहेत. गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलवाले, लग्नाचे आचारी, आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवणारी घरं.

आणि दरवर्षी तेच भांडण. एक म्हणतो, मोळीवाल्यांनी जंगल संपवलं, बंद करा. दुसरा म्हणतो, रान आमचं, विचारणारे तुम्ही कोण. मला दोन्ही पटत नाही. मोळीला दोष देण्याआधी मोळीत काय असतं ते बघू.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असतं. 30 किलोची ओली मोळी म्हणजे 15 किलो लाकूड आणि 15 किलो पाणी. तीच मोळी नीट वाळली, पाणी 20 टक्क्यांवर आलं, की वजन भरतं 19 किलोच्या आत. म्हणजे ती मावशी डोक्यावर 11 किलो फुकटचं पाणी घेऊन घाट उतरते. गिऱ्हाईकही तेच पाणी विकत घेतं आणि धूर खातं, कारण चुलीतली काही धग आधी पाणी उडवण्यात जाते. ढोबळ हिशेबानं वाळलेल्या लाकडाचा एक किलो ओल्याच्या पावणेदोनपट उष्णता देतो. भाव मात्र दोन्हीला जवळपास सारखा. मग वाळवायचं कशाला, असं विकणाऱ्याला वाटतं आणि हिरव्या फांदीवर कोयता पडतो. रानाचं नुकसान इथून सुरू होतं.

वाळवणं अवघड नाही. लाकूड ओलं असतानाच फोडावं. आडवा पीळ असलेली किंवा गाठीची लाकडं वाळल्यावर कुऱ्हाडीला दाद देत नाहीत, मग पाचर आणि घण घेऊन दिवस जातो. साल ओलावा धरून ठेवते, त्यामुळे अख्खा ओंडका महिनोन् महिने ओला राहतो. फोडलेलं लाकूड दोन आडव्या ओंडक्यांवर, जमिनीपासून वर रचावं. बाजू मोकळ्या, वरून झाकण. जानेवारीत फोडलं तर मेपर्यंत खणखणीत वाळतं. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की आवाजावरून कळतं.

आता "गॅस आला, मोळी संपली" म्हणणाऱ्यांसाठी. उज्ज्वला योजना 2016 ला आली, आमच्याकडंही शेगड्या पोचल्या. पण टाकी भरायला एकरकमी पैसे लागतात, फाट्याला लागतो अंगमेहनतीचा दिवस. ज्याच्या हातात रोख नाही, तो मेहनतच खर्च करणार. एक हिशेब करून बघा. 14.2 किलोच्या टाकीतून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढी साध्या तीन दगडांच्या चुलीवर मिळवायला दोनशे ते सव्वादोनशे किलो वाळलेलं लाकूड लागतं. म्हणजे 20 किलोच्या दहा-अकरा मोळ्या. सुधारित चुलीवर हेच लाकूड निम्म्यावर येतं. याचा दुसरा अर्थ विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. वाळलेल्या मोळीची जळण म्हणून किंमत साधारण टाकीच्या दहाव्या भागाएवढी आहे. हॉटेलवाला तर व्यापारी टाकी आणखी महाग घेतो. मोळीचा भाव पाडून मागणाऱ्याला हा हिशेब शांतपणे सांगा.

पण भाव वाढला तर रान जास्त तुटेल, ही शंका रास्त आहे. तिला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात मालकी रानातली झाडं मोठ्या प्रमाणात गेली ती डोक्यावरच्या मोळीनं नाही, कोळशाच्या भट्टीनं. मातीच्या भट्टीत एक किलो कोळशाला पाच-सहा किलो लाकूड जातं. ठेकेदारानं रोख पुढं केली, मालकानं अख्खं रान उभ्याउभ्या दिलं. तिकडं रायगड-ठाण्यातले कातकरी उचल घेऊन भट्टीवर गेले आणि त्या उचलीतच अडकले. आदिवासी खातेदाराची झाडं अशी मातीमोल जाऊ नयेत म्हणूनच 1969 साली वेगळा कायदा झाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विक्री होत नाही. शिवाय 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत हिरडा, ऐन, जांभूळ, आंबा, मोह, किंजळ ही आपल्या बांधावरची झाडं आहेत. हिरडा एकदा जाळला तर एकदाच पैसे. उभा ठेवला तर बाळहिरडा दरवर्षी. तेव्हा बाजार वाईट नाही, झाड मुळासकट विकायला लावणारा बाजार वाईट.

मुळावरून महत्त्वाची गोष्ट. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर आला, दीडशेहून जास्त माणसं गेली. पाऊस तेव्हा प्रचंड होता आणि त्याचं खापर कुणाच्या कुऱ्हाडीवर फोडणं चूक. पण आपण सगळे उतारावर राहतो. झाड कापलं आणि खोडाला फुटवा आला तर मुळं जिवंत राहतात, माती धरतात. फुटवा आला नाही तर मुळं काही वर्षांत कुजतात आणि त्यांची पकड जाते. जेसीबीनं खुंट उपटला तर त्याच दिवशी जाते. म्हणून उतारावर खुंट उपटायचा नाही, हा नियम मी कुऱ्हाडबंदीच्या वर ठेवीन. तोड करायची ती परवानगीची, हिवाळ्यात, धारदार हत्यारानं. जमिनीपासून वीतभर वर, तिरका काप, साल फाटू द्यायची नाही. पुढं दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढायचे आणि पहिली दोन वर्षं शेळी आत येऊ द्यायची नाही.

अभयारण्याचं वेगळं. भीमाशंकर 1985 ला अभयारण्य झालं, क्षेत्र साधारण 130 चौरस किलोमीटर. तिथं मेलेलं, पडलेलं लाकूडही उचलू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2000 चा आदेश आहे. लोक म्हणतात, कुजणारं लाकूड नेलं तर काय बिघडलं? बिघडतं. पावसात रात्री चमकणारी बुरशी बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, ती कुजक्या लाकडावरच वाढते. शेकरूला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला वरचा पाला सलग लागतो, मधलं झाड गेलं की तिची वाट तुटली. पण नुसता आदेश दाखवून चूल पेटत नाही. आतलं जळण नको म्हणायचं असेल तर बाहेर जळण उगवलं पाहिजे.

आणि ते उगवायची जागा आपल्याकडं आहे, भातखाचराचा बांध. गिरीपुष्पाची तीन-चार फुटी फाटी पहिल्या पावसात बांधावर खोचली की लागते. पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडायचा. वाळलेल्या पाल्यात अडीच-तीन टक्के नत्र असतं. उरलेल्या काठ्या म्हणजे जळण. हे झाड झाडतोड कायद्याच्या यादीत नाही. वाहतुकीचं तेवढं वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या.

कृषी खात्यातल्या मित्रांना इथं एक विनंती. जळणाचा विषय राबापासून वेगळा काढू नका. राबासाठी आपण ऐनाची, इतर झाडांची डहाळी दरवर्षी उतरवतो, शेण-पालापाचोळा घालून जाळतो. तीच डहाळी चुलीलाही हवी असते. म्हणजे एका झाडावर दोन कोयते. डॉ. ना. कृ. सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची राख आहे, खाचरात गिरीपुष्प आहे. ही दोन सूत्रं नीट पोचली तर राबाची डहाळी वाचते आणि बांधावर सरपण तयार होतं. पण प्रात्यक्षिक रस्त्याकडेच्या खाचरात होतं, वरच्या वाडीला त्याचा पत्ताच नसतो. तुसाची राख गिरणीतून वाडीपर्यंत कोण आणणार, याचाही विचार योजनेत हवा.

शेवटचा मुद्दा ग्रामसभेचा. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज गोळा करून विकायचा हक्क आहे, त्या यादीत बांबूबरोबर झाडोराही येतो. उभं झाड तोडून विकायचा हक्क त्यात नाही, हे तितकंच स्पष्ट आहे. सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला रान राखायचा, नियम करायचा अधिकार आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 ला हा हक्क मिळाला आणि 2011 ला त्यांनी स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू विकला. नियमही त्यांचे, पैसेही त्यांचे. आपल्याकडं ग्रामसभा दावा लावून थांबते, पुढचे नियम कागदावर येत नाहीत. मग मोळीवाली बाई एकटी पडते. रस्त्यात कुणीही अडवतो, कुणीही भाव पाडतो. गावानं लिहून ठेवलेला नियम असेल तर तिच्या पाठीशी गाव उभं राहतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. अभयारण्यातल्या लाकडाला हात नाही. उतारावरचा खुंट उपटायचा नाही. विकायचं ते बांधावरचं किंवा ग्रामसभेनं ठरवून दिलेलं, फोडलेलं आणि वाळलेलं. घेणाऱ्यानं वाळलेल्याला जास्त भाव द्यायचा, ओलं परत पाठवायचं. यातलं पहिलं पाऊल गिऱ्हाईकाच्या हातात आहे. रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांनी ओलं लाकूड घेणं बंद केलं, तर हिरव्या फांदीवरचा कोयता एका हंगामात थांबेल. यंदा पाऊस लागायच्या आत निदान आपल्या बांधावर गिरीपुष्पाची पन्नास फाटी तरी खोचायची ठरवा. तिसऱ्या वर्षी रानात न जाता मोळी बांधता येईल.