त्यांची माहिती कुलूपबंद, आपली चव्हाट्यावर

मुंबईच्या मरोळ परिसरात एकेकाळी कारखान्यांचे भोंगे वाजत असत. १९७३ साली शेजारी सीप्झ सुरू झाले, औद्योगिक वसाहत विस्तारली आणि पुढे गाळ्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींतील कित्येक कचेऱ्या रात्री जाग्या होतात. अमेरिकेतील बँकांचे हिशेब, विमा कंपन्यांचे दावे, रुग्णालयांची देयके यांवर आपली मुले-मुली पहाटेपर्यंत काम करतात. अशा कामावर बसताना मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. मेजावर कागद-पेनही चालत नाही. कारण पडद्यावरील माहिती अमेरिकन नागरिकाची असते. रुग्णाच्या माहितीसाठी १९९६चा आणि बँकेच्या ग्राहकासाठी १९९९चा अमेरिकन कायदा, कंपन्यांच्या करारांमार्फत थेट मरोळपर्यंत पोहोचलेला आहे.

आता दुसरी बाजू पाहू. याच मुलांची ई-पत्रे, छायाचित्रे, घरच्यांशी चाललेला पत्रव्यवहार यांतील बहुतेक सारे अमेरिकन कंपन्यांच्या संगणकांत साठवले जाते. त्या माहितीला अमेरिकन कायदा किती जपतो? उत्तर खेदजनक आहे. अमेरिकन राज्यघटनेची १७९१ची चौथी दुरुस्ती मनमानी झडतीपासून संरक्षण देते. परंतु परदेशात राहणाऱ्या परकीयाच्या तेथील मालमत्तेला ते लागू नाही, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला. सरकारी दप्तरातील व्यक्तिगत माहितीविषयीचा १९७४चा कायदा नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहे. २०१६ मध्ये त्यातील काही हक्क निवडक मित्रदेशांच्या नागरिकांना देण्याची सोय झाली. त्या यादीत भारत नाही. उलट २००८ साली हेरगिरीच्या कायद्यात घातलेल्या ७०२व्या कलमाने परदेशातील परकीयांच्या संभाषणावर, प्रत्येकासाठी स्वतंत्र न्यायालयीन आदेश न घेता, नजर ठेवण्याची मुभा दिली.

ही मुभा कागदावरच राहिली, अशा भ्रमात कोणी राहू नये. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने जून २०१४ मध्ये उघड केलेल्या २०१०च्या कागदपत्रानुसार, ज्या परकीय राजकीय पक्षांवर पाळत ठेवण्यास अनुमती होती, त्यांत इजिप्तची मुस्लिम ब्रदरहूड होती, पाकिस्तान पीपल्स पार्टी होती आणि आपला भारतीय जनता पक्षही होता! जगातील सर्वात मोठ्या लोकशाहीतील तत्कालीन प्रमुख विरोधी पक्ष कोणाच्या पंक्तीत बसवला गेला, हे लक्षात घ्यावे. त्याच सूचीत १९३ देशांची सरकारे होती. वगळले होते ते केवळ ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांना. भारताने अमेरिकन मुत्सद्द्याला पाचारण करून निषेध नोंदवला. पण कायदा तसाच राहिला. २०२४ मध्ये त्याला पुन्हा मुदतवाढ मिळाली.

हा अनुभव आता मध्यमवर्गीय घरांच्या उंबरठ्यावर आला आहे. २०१९पासून अमेरिकेच्या व्हिसासाठी मागील पाच वर्षांतील समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे द्यावी लागतात. जून २०२५ मध्ये विद्यार्थ्यांना आणि डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसावर जाणाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना ही खाती सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवण्यास सांगण्यात आले. आपल्या देशात कोणाला प्रवेश द्यावा, हा अमेरिकेचा अधिकार आहे. परंतु स्वतःच्या नागरिकाचा खासगीपणा पवित्र आणि इतरांचा मात्र मोकळा, हा न्याय उघड्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे.

मग माहिती भारतात साठवण्याची सक्ती केली की प्रश्न सुटेल काय? तो उपाय आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयक व्यवहारांची माहिती केवळ भारतातच ठेवण्याचा आदेश काढला. परदेशी कंपन्यांनी खळखळ केली. २०२१ मध्ये मास्टरकार्ड, अमेरिकन एक्स्प्रेस व डायनर्स क्लब यांना नवे ग्राहक घेण्यास बंदी होताच त्यांना नियम पाळावा लागला. निर्धार असेल तर कोणतीही बलाढ्य कंपनी वठणीवर येते. पण एवढ्याने भागत नाही. मार्च २०१८च्या ‘क्लाउड’ कायद्याने अमेरिकन कंपनीला तिच्या ताब्यातील माहिती, ती जगात कोठेही असो, तेथील न्यायालयाच्या आदेशानुसार द्यावी लागते. म्हणजे संगणक मुंबईत, पण किल्ली अमेरिकन कंपनीकडे, अशी स्थिती.

याच कायद्यात करार करण्याची तरतूद आहे. ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांनी ते करार केले. मात्र त्याची अट अशी की, करार करणाऱ्या देशाच्या कायद्यात खासगीपणाचे भक्कम संरक्षण असावे आणि सरकारी पाळतीवर स्वतंत्र देखरेख असावी. खरी अडचण येथे आहे आणि ती आपल्या घरातली आहे.

आपल्याकडे दूरध्वनी ऐकण्याचा आदेश गृहसचिव देतात आणि त्याची फेरतपासणी सचिवांचीच समिती करते. त्यावर न्यायाधीशाची सही नसते. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या मसुद्यात, सुरक्षेसाठी माहिती घेतानाही कायद्याचा आधार, गरज आणि प्रमाण यांचे बंधन होते. माहितीची एक प्रत भारतात ठेवण्याची सक्तीही होती. २०२३च्या कायद्यात ही दोन्ही बंधने राहिली नाहीत. केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे आपल्या कोणत्याही यंत्रणेला सुरक्षा वा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने कायद्यातून वगळू शकते.

आज केंद्रात आपल्या विचारांचे सरकार आहे, मग चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कायदा सरकारपेक्षा दीर्घायुषी असतो. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली आणि हजारो कार्यकर्ते मिसाखाली कारागृहात गेले, ते सरकारला अमर्याद अधिकार देणाऱ्या कायद्याच्याच बळावर. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्यापुढे मान तुकवली, एकटे न्या. हंसराज खन्ना ताठ उभे राहिले. त्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या नऊ न्यायाधीशांच्या निकालात त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तो जुना निर्णय रद्दबातल ठरवला. आणीबाणी भोगलेल्या संघटनेला या निकालाचे मोल इतरांनी सांगावे लागू नये.

राज्याला हेर हवेतच. बहिर्जी नाईकांच्या महाराष्ट्राला ते शिकवायला नको. देशद्रोह्यावर आणि दहशतवाद्यावर नजर ठेवलीच पाहिजे. मात्र ती कोणावर आणि का, हे एका न्यायाधीशासमोर सांगण्यात सरकारला कमीपणा कसला? अमेरिकेने वॉटरगेटनंतर, १९७८ साली, देशांतर्गत हेरगिरीसाठी न्यायालयाची परवानगी बंधनकारक केली. त्यामुळे ती दुबळी झाली नाही. तिने स्वतःच्या नागरिकाला आधी जपले, म्हणूनच तिचा कायदा मरोळच्या कचेरीतही पाळला जातो. भारताने आपल्या नागरिकाची माहिती आधी स्वतःच्या सरकारपासून तितक्याच निष्ठेने जपावी. मगच वॉशिंग्टनशी बरोबरीच्या नात्याने करार मागता येईल.